अर्ध्या इंचाचा चमत्कार

"तेरा," मी म्हणाले, आणि सगळा हॉल उठून उभा राहिला.

टेप माझ्या हातात होता. माझाच, रोज गळ्यात असतो तो. तासाभरापूर्वी याच टेपने याच दंडाचं माप मी साडेतेरा इंच घेतलं होतं, आणि ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलंही होतं. आता तेरा. बायका टाळ्या वाजवत होत्या, रडत होत्या, एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या.

दंड होता आमच्या काजमावशींचा. आम्ही शाळेचे गणवेश शिवतो. कारखान्यात मावशी काज-बटणाच्या मशीनवर बसतात, म्हणून हे नाव. काही वर्षांपूर्वी त्यांच्या छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काखेतल्या ग्रंथी काढल्या, आणि त्यानंतर त्यांचा उजवा हात हळूहळू सुजून जड झाला. बाही चढत नाही म्हणून त्यांच्या उजव्या बाहीची शिवण मीच उसवून पट्टी लावून द्यायची. तो हात आता अर्धा इंच उतरला होता.

"मी नाही हं सांगत," सभा घेणाऱ्या, सगळ्या ज्यांना हातवाल्या आई म्हणतात त्या, कॉलरच्या माइकमध्ये म्हणाल्या. "टेप सांगतो. आणि टेप कोणाचा? जिला तुम्ही सगळ्या कात्री म्हणता, तिचा. देव समोर आला तरी ही आधी त्याचं माप घेईल."

हॉल हसला. कात्री मीच. कटिंगच्या टेबलावर काम करते आणि जीभही तशीच आहे, म्हणून नाव पडलं. मला हसू आलं नाही. मला कळत होतं की मला इथे कशाला बोलावलंय, आणि माझा टेप कशाला वापरलाय. पण खोटं माप सांगायची मला सवय नाही. दंड तेरा होता, मी तेरा म्हणाले.

हातवाल्या आईंचा हॉल जुन्या फर्निचरच्या दुकानावर आहे. छताला हुक, हुकांना मऊ दोऱ्या, दोऱ्यांच्या टोकाला कापडाचे फास. बायकांनी खुर्चीत बसायचं, दुखरा हात फासात अडकवून डोक्याच्या वर टांगायचा आणि मुठीत कापडाचा गोळा धरायचा. मग आई सांगतील त्या तालावर गोळा दाबायचा आणि सोडायचा, श्वास पोटापर्यंत घ्यायचा आणि सोडायचा, तोंडाने म्हणत राहायचं: वरचं वर जाऊ दे, आतलं बाहेर येऊ दे. हे तासभर. त्या वेळात आई रांगांमधून फिरतात आणि बोलतात.

"रोग म्हणजे काय ग बायांनो? साचलेलं दुःख. तुम्ही रडला नाहीत, ते पाणी गेलं कुठे? दंडात. तुम्ही बोलला नाहीत, तो शब्द गेला कुठे? छातीत. त्याची गाठ झाली."

मी आयुष्यात एक शब्द गिळलेला नाही, म्हणजे मला कसलाच रोग व्हायला नको. तरी माझे गुडघे दुखतात. पण हे मनात.

"डॉक्टर म्हणतो, कापा. दुःख कापता येतं का? सुईसुद्धा लावू देऊ नका. सुई लागली की ते खवळतं आणि अंगभर पळतं. इथे या. हात वर करा. ते आपोआप विरघळतं."

तिसऱ्या रांगेत माझी धाकटी जाऊ बसली होती. तिचे डोळे आईंवर नव्हते, माझ्या टेपवर होते.

जावेला गाठ लागली ती आंघोळ करताना. डाव्या बाजूला, काखेच्या जवळ. दुखत नाही, हलत नाही, शर्टाच्या बटणाएवढी. तिने हे मला सांगितलं ते कटिंगच्या टेबलाखाली उरलेले तुकडे गोळा करता करता, मान खाली घालून, आणि सांगितलं ते असं: "ताई, मला इथे काहीतरी आहे."

"इथे म्हणजे कुठे?"

"इथे हो. अंगावर."

आम्ही दिवसभर छाती छाती करत असतो. छाती अठ्ठावीस, छाती बत्तीस, छातीत सैल ठेवा, छातीत दाबा. सगळ्या गावच्या पोरापोरींच्या छातीची मापं आमच्या तोंडात असतात. आणि स्वतःच्या छातीत गाठ आली की त्या जागेला नाव नसतं. ती 'इथे' होते, 'अंगावर' होते, 'काहीतरी' होते. मला त्या दिवशी जावेचा राग आला नाही, आम्हा सगळ्यांचा आला.

मी तिला म्हटलं, बहुतेक गाठी साध्या निघतात, पण ते ठरवायचं काम तुझं नाही आणि माझंही नाही. हॉस्पिटलमध्ये जायचं नक्की केलं. मी सोबत जाणार होते. आणि मग मधेच हा दंड आला.

हॉलमधून घरी जाताना ती म्हणाली, "आता हॉस्पिटल राहू दे, ताई."

"का?"

"तुम्हीच मोजलंत ना."

"मी दंड मोजला. तुझी गाठ नाही मोजली."

"मावशींचा रोग आणि माझा रोग एकच आहे. त्यांचा हात उतरला तर माझी गाठ का नाही उतरणार?"

घरी दीर बसलेले. त्यांनी आधीच ठरवलं होतं. "वहिनी, कापाकापी नको. हातवाल्या आई म्हणतात तसं थोडे दिवस करून बघू. काही बिघडत तर नाही ना?"

बिघडत कसं नाही? गाठ थांबून बसते का, तुमचं करून बघून होईपर्यंत? मी बोलले, बरंच बोलले. दिरांनी बातम्यांचा आवाज वाढवला. जाऊ स्वयंपाकघरात गेली आणि भांड्यांचा आवाज करू लागली. माझाच एक शब्द ती पुन्हा पुन्हा मलाच परत देत होती, तेरा. दुसऱ्या कोणी मोजलं असतं तर मी टेपच खोटा म्हटला असता. इथे तेही जमेना.

रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी ठरवलं की आधी त्या अर्ध्या इंचाचं काय झालं ते शोधायचं. टेप खोटं बोलला नाही, हे मला माहीत होतं. मग खोटं कोण बोललं?

मावशींचं ऑपरेशन झालं त्या सरकारी हॉस्पिटलात तळमजल्यावर, एक्स-रेच्या पलीकडे, व्यायामोपचाराचा विभाग आहे. तिथल्या डॉक्टरांना सगळ्या बायका व्यायामबाई म्हणतात. लहानखुऱ्या, मोठ्या आवाजाच्या. भिंतीवर बोटं चढवत नेणाऱ्या एका पेशंटला "खांदा कानाला लावू नका" म्हणून ओरडत होत्या. मी दारातच सगळं सांगून टाकलं. साडेतेरा, तेरा, आई, टाळ्या.

त्यांनी एकच विचारलं. "तो तासभर हात कुठे होता?"

"वर. दोरीत."

"आणि मूठ?"

"गोळा दाबत होती. दाबायचा, सोडायचा. लांब श्वास घ्यायचा."

व्यायामबाईंचा चेहरा लाल झाला. "अहो, हे आमचंच आहे. हेच मी रोज इथे शिकवते, फुकट. मावशींनाही शिकवलं होतं. चार वेळा आल्या, मग बंद."

मग त्यांनी मला समजावलं, आणि मी तुम्हाला सांगते, कारण यात मंत्र कुठेच नाही. अंगातलं जास्तीचं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात, हाताच्या नळ्या काखेतल्या ग्रंथींमधून जातात. कॅन्सरसाठी त्या ग्रंथी काढाव्या लागल्या की कधी कधी वाट अडते आणि पाणी दंडात साचतं. हात वर धरला की ते उतारावर येतं. मूठ दाबली की हाताचे स्नायू त्याला पुढे ढकलतात. लांब श्वासाने छातीतली वाट ओढ देते. तासाभरात अर्धा इंच उतरू शकतो. हात दिवसभर खाली लोंबला की पुन्हा भरतो. म्हणून रोज करायचं, हातावर दाब देणारी खास बाही घालायची, जखम होऊ द्यायची नाही, आणि मधून मधून तपासायला यायचं.

"संध्याकाळी मोजलंत का तुम्ही?" त्यांनी विचारलं.

नव्हतं मोजलं. कोणीच नव्हतं मोजलं. आमच्या धंद्यात माप एकदा घेतात, कागदावर लिहितात आणि त्यावर कापड कापतात. सकाळी घेतलेली छाती संध्याकाळी कोण पुन्हा घेतं? हॉलमध्ये निम्म्या बायका आमच्याच कारखान्यातल्या होत्या, टेप वाचणाऱ्या, अर्ध्या सुताची, म्हणजे इंचाच्या सोळाव्या भागाची, चूक पकडणाऱ्या. त्या बाईने आम्हाला मूर्ख समजून फसवलं नाही. आमची सवय ओळखून फसवलं.

"आणि गाठ?" मी विचारलं. "व्यायामाने गाठ जाते?"

"नाही." व्यायामबाई एवढ्या जोरात म्हणाल्या की भिंतीवर बोटं चढवणारी पेशंट थांबली. "ऑपरेशननंतर हात मोकळा होतो, खांदा आखडत नाही, उपचार चालू असताना थकवा कमी होतो, ताकद येते. सगळं खरं आहे. पण गाठीला डॉक्टर लागतो. जावेला उद्या आणा."

जाऊ उद्या आली नाही.

मी आधी मावशींना धरलं. संध्याकाळी मशीन बंद करताना म्हटलं, दंड द्या. साडेतेरा. मावशींनी बाही खाली ओढली. मग म्हणाल्या, "आई म्हणाल्यात, दुःख परत येतं. म्हणून परत परत यायचं."

"बरं. उद्या जेवणाच्या सुट्टीत आईंशिवाय करून बघू."

तयार शर्ट टांगायची लोखंडी दांडी आमच्याकडे आहे. तिला अस्तराच्या कापडाचा फास बांधला. मुठीत द्यायला कतरणींचा गोळा केला. व्यायामबाईंनी बजावलं होतं, दुखेल इतकं ताणायचं नाही, हात सुन्न झाला तर लगेच खाली. मावशी बसल्या. आता म्हणायचं काय? ताल तर हवा. ओव्हरलॉक मशीनवर कडा शिवणारी म्हणाली, साइज म्हणा. मग सगळ्या बायका डबे उघडे ठेवून एका सुरात म्हणू लागल्या: बावीस, चोवीस, सव्वीस, अठ्ठावीस, तीस. बावीसला मूठ बंद, चोवीसला उघडी. मालकांनी काचेतून डोकावून पाहिलं आणि पुन्हा आत गेले. त्यांना वाटलं असेल, उद्याच्या ऑर्डरची तयारी चाललीय.

सुट्टी संपली तेव्हा मी टेप लावला. तेराला एक सूत जास्त. एका सुट्टीत जवळजवळ तेवढंच.

मावशींच्या डोळ्यात पाणी आलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे हे मला येत होतं. मला शिकवलं होतं. मी सोडलं. घरी सगळे म्हणाले, तो हात हलवू नकोस, आणि मी हलवला नाही."

मी जावेकडे वळले. तीही तिथेच होती, डबा मांडीवर.

ती म्हणाली, "आईंनी मावशींच्या हातात शक्ती आधीच भरून ठेवलेली असेल."

त्या क्षणी मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं. पण मावशींनी माझं मनगट धरलं. "थांब. ती बरोबर बोलतेय. आईंशिवाय हात वर, हे आपण पाहिलं. आता आई आहेत आणि हात खाली, हेही बघायला पाहिजे. हात माझा आहे. मीच बसते."

आईंची पुढची सभा पावसाळा सरता सरता झाली, तोवर जाऊ घरीच हात वर टांगून बसायची. हॉल गच्च भरला होता. दंडाची बातमी लांब पोचली होती. मागच्या भिंतीला टेकून बायका उभ्या होत्या, उपचारांनी केस गेलेले, म्हणून काहींच्या डोक्याला रुमाल होते. त्या उपचार सोडून आल्या होत्या का, कोणाला माहीत.

आईंनी स्वतःच मला पुढे बोलावलं. मी माप घेतलं. "साडेतेरा."

"बसा," आई मावशींना म्हणाल्या. "हात वर."

"आई, आज खांदा भरून आलाय," मावशी म्हणाल्या. "हात वर जात नाही. मी मांडीवर ठेवते. तुमची कृपा काय, मांडीवरही पोचेल."

कॉलरच्या माइकमधून आईंचा श्वास सगळ्यांना ऐकू आला. "थोडा तरी वर ठेवा."

"नाही जमत हो. मूठही वळत नाही आज. पण मी सगळं म्हणेन, मनापासून."

आता ती बाई काय सांगणार? कृपेला दोरी लागते? कृपेला मूठ लागते? ती हसली आणि मावशींच्या डोक्यावर हात ठेवून पुढे गेली. पूर्ण तासभर मी त्या दंडावरची नजर काढली नाही. मावशी शब्द चुकल्या नाहीत. वरचं वर जाऊ दे, आतलं बाहेर येऊ दे. हात मांडीवर, तळवा उपडा.

शेवटी मी टेप काढला तशा आई लगबगीने आल्या. "आज माप नको. रोज रोज मोजणं म्हणजे संशय."

"मागच्या वेळी तुम्हीच म्हणालात ना," मावशी म्हणाल्या, "टेप सांगतो."

हॉलमध्ये कुजबुज झाली. मागून कोणीतरी म्हणालं, मोजा. मग आणखी कोणी. मी टेप लावला आणि जावेला हाक मारली. "तू वाच."

ती आली. वाकली. बराच वेळ वाचत राहिली. "साडेतेरा," ती म्हणाली. "एक सूत जास्तच आहे."

"श्रद्धा कमी पडली," आई म्हणाल्या. आवाज आता रेशमी नव्हता. "हिचे कान कोणीतरी भरलेत."

मावशी उठून उभ्या राहिल्या. तशा त्या कधी सभेत बोलत नाहीत. "श्रद्धा तेवढीच होती, आई. हात तेवढा खाली होता."

मग मी बोलले. जेवणाच्या सुट्टीतलं सांगितलं, साइजचं सांगितलं, व्यायामबाईंचं सांगितलं, तळमजला, एक्स-रेच्या पलीकडे. काही बायका माझ्यावर ओरडल्या. एकीने मला पापी म्हटलं. त्यांच्यावर मला राग धरता येत नाही, त्या घाबरलेल्या होत्या आणि त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की न कापता जाईल. ते ऐकायला कोणाला आवडणार नाही? राग आहे तो हे सांगणारीवर. तिला दंडाचं नक्की माहीत होतं. ताल, श्वास, मूठ, वर टांगलेला हात, यातलं एकही तिला स्वप्नात दिसलेलं नाही, ते कुठल्या तरी हॉस्पिटलात पाहून उचललेलं आहे. चांगली गोष्ट उचलली, तिच्यावर चमत्काराचं लेबल शिवलं, आणि त्या लेबलाच्या जोरावर बायकांना सुईपासून, तपासणीपासून, डॉक्टरपासून लांब ठेवलं.

माझं बोलणं चालू असताना जाऊ आईंच्या समोर जाऊन उभी राहिली. तिने एकच विचारलं.

"मावशींचा हात तुम्ही सगळ्यांसमोर मोजायला लावलात. माझी गाठ एकदाही का नाही मोजली?"

आईंनी माइक बंद केला. बोलल्या, पण काय ते फक्त जावेने ऐकलं, आणि तिने ते मला कधी सांगितलं नाही. जिना उतरताना ती म्हणाली, "ताई, हॉस्पिटल किती वाजता उघडतं?"

हॉस्पिटलमध्ये तपासायला गाठीला सुई लावली. काही खवळलं नाही, कुठे पळालं नाही. नुसतं कळलं, की ती साधी गाठ नाही.

ती बटणाएवढी असताना आम्ही जाणार होतो, तेव्हा शाळा उघडायचा हंगाम होता. ऑपरेशन झालं तेव्हा कारखान्यात थंडीच्या कोटांचं काम चाललं होतं. सर्जन म्हणाल्या, लवकर आला असता तर छोटं ऑपरेशन पुरलं असतं, काखेतही एवढं जावं लागलं नसतं. जावेने विचारलं, "आता?" त्या म्हणाल्या, "आता पूर्ण उपचार घ्यायचे, मधे सोडायचे नाहीत. वेळ गेलेली नाही. पण वेळ वाया गेलाय." दीर भिंतीकडे बघत होते. मी त्यांना काही बोलले नाही. उपयोग नव्हता, आणि मला रडायचं नव्हतं.

हातवाल्या आईंनी हॉल सोडला. दुसऱ्या गावात दोऱ्या टांगल्यात असं ऐकते. पोलिसांत अर्ज दिलाय, व्यायामबाईंनी सही केलीय, बघू. हुक अजून छताला आहेत.

हे मी लिहिते ते एवढ्यासाठी. कोणी चमत्कार दाखवला तर नुसतं काय झालं ते बघू नका, त्या वेळात आणखी काय काय चालू होतं तेही बघा. ते काढून घ्या आणि पुन्हा मोजा. संध्याकाळीही मोजा. आणि आपल्या छातीला स्वतःचा हात लावायची लाज सोडा. गाठ, खळगी पडलेली कातडी, आत ओढलं गेलेलं स्तनाग्र, त्यातून येणारं रक्त किंवा पाणी, यातलं काही दिसलं तर दुखायची वाट बघू नका. बहुतेक वेळा भ्यायचं कारण निघणार नाही. पण ते तुम्हाला डॉक्टर सांगेल, मी नाही, आणि छताला दोऱ्या टांगणारी तर नाहीच. ऑपरेशन झालं असेल तर हात बांधून ठेवू नका, व्यायाम शिकून घ्या आणि रोज करा. तो तुमच्या अंगाचा हक्क आहे, कोणाची कृपा नाही.

जाऊ कामावर परत आली. अजून उपचार चालू आहेत, केस गेलेत, डोक्याला निळा रुमाल असतो. कटिंगच्या टेबलामागच्या भिंतीवर ती रोज बोटं चढवते आणि पोचली तिथे कापडाच्या खडूने रेघ मारते. काल तिने वरच्या फळीवरचं दोऱ्याचं मोठं रीळ स्वतः काढलं. सुट्टीत मावशी आणि ती शेजारी शेजारी बसतात, आणि सगळा कारखाना साइज म्हणतो.

आज सुट्टीनंतर कॉलर लावणारी नवी मुलगी तिच्याजवळ घुटमळली. मान खाली, ओठ हलले न हलले. "ताई, मला इथे काहीतरी लागतंय."

जाऊने खडू खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "इथे नाही. छातीत म्हण. गाठ म्हण."

मुलगी इकडे तिकडे बघू लागली. मशिनी थांबल्या होत्या. मग ती म्हणाली. "छातीत गाठ आहे."

"बरं," जाऊ म्हणाली. "चल, चपला घाल. मी येते बरोबर."